कलम सात आणि घर क्रमांक अठ्ठ्याऐंशी

आमच्या गावच्या जमातीची घटना बावीस पानांची आहे आणि तिची फेरतपासणी जेद्दात, माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या बैठकीच्या खोलीत झाली. चौदा शुक्रवार लागले. त्यातले पहिले दहा मला नीट आठवतही नाहीत. जुम्याची नमाज, जेवण, मग चहा, मग एखादं कलम, आणि त्या कलमावरून कुणाच्या तरी आजोबांचं जुनं भांडण. उरलेले चार आठवतात, कारण तेव्हा कलम सात आलं. कलम सात मी लिहिलेलं होतं.

गाव रायगडात, खाडीच्या काठावर. बाजारपेठ आहे, हायस्कूल आहे, म्हणून आम्ही त्याला शहर म्हणतो आणि बाहेरचे लोक खेडं म्हणतात. रस्ते आणि दिवे ग्रामपंचायत बघते. मशीद, कब्रस्तान, जमातीची विहीर, लग्नाचं पत्र आणि भावाभावांचे तंटे जमात बघते. जमातीने कसं चालावं ते घटनेत लिहिलंय. घटना मराठीत आहे, कारण ती पहिल्यांदा लिहिणारे आमचे हायस्कूलचे मास्तर होते. गावातल्या बहुतेक घरांचे पुरुष सौदी, कुवेत, दुबई इथे नोकरीला. त्यातही जेद्दात जास्त. म्हणून मसुदा जेद्दा शाखेने करायचा आणि गावाने सभेत मंजूर करायचा, अशी पद्धत पडून गेली आहे. ती पद्धत घटनेत कुठेच लिहिलेली नाही, हे मी तिसऱ्या शुक्रवारी दाखवून दिलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि पुढच्या कलमाकडे वळले.

मी एका खाजगी हॉस्पिटलच्या औषध स्टोअरमध्ये आहे. तेवीस वर्षं झाली. खोकी मोजायची, मुदत संपत आलेली पुढे आणायची, संपलेली बाद करायची, आणि कागदावरचा आकडा फळीवरच्या आकड्याशी जुळवायचा. जुळला नाही तर मला घास गिळवत नाही. हा स्वभाव गावाला ठाऊक असल्यामुळे अकरा वर्षांपूर्वी जमातीचं रजिस्टर सुधारायचं काम माझ्याकडे आलं.

रजिस्टरात प्रत्येक घराला क्रमांक आहे. त्या वेळी कितीतरी क्रमांक असे होते की त्या घरात कुणीच राहत नव्हतं. कुटुंबं मुंब्र्याला जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. तरी सभेचा कोरम काढताना ती घरं धरली जायची. एकूण घरांच्या एक तृतीयांश सभासद हजर पाहिजेत, आणि तेवढे येणं शक्यच नव्हतं. मला ते फळीवर रिकामी खोकी मांडून ठेवल्यासारखं वाटायचं. मी कलम सात सुचवलं. ‘ज्या घरात नोंदलेला सज्ञान पुरुष सभासद उरला नाही ते घर बंद समजावे.’ त्याच्यापुढे एक ओळ, की परदेशी नोकरीस असलेल्यांचं नाव कायम राहावं. ती ओळ घालणं साहजिक होतं, कारण मसुदा करणारे आम्ही सगळेच परदेशी नोकरीला होतो. बंद घरांवर लाल शाईने रेघ मारली, आणि चालू घरांचा आकडा दोनशे चौदा निघाला. स्वच्छ, खरा आकडा. सगळ्यांनी शाबासकी दिली. बाई सभासद होऊ शकते की नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दहाव्या शुक्रवारनंतरच्या आठवड्यात मला गावाहून भाबींचा व्हॉइस मेसेज आला. भाबी म्हणजे माझ्या जुन्या सोबत्याची बायको. माझं कुटुंब इथे येईपर्यंत आम्ही दोघं बलदमध्ये, म्हणजे जुन्या जेद्दात, एका खोलीत सात वर्षं राहिलो, आमच्यासोबत आणखी दोघं. चार वर्षांपूर्वी तो इथेच आजारी पडून गेला आणि इथेच दफन झाला. मागे दोन मुली. मुलगा नाही.

“अस्सलामु अलैकुम भाई,” भाबी म्हणत होत्या. “थोरलीचं ठरलंय. खाडीपलीकडच्या गावात. त्यांच्या जमातीला आपल्या जमातीचं पत्र हवं. मी सेक्रेटरींकडे गेले, तर म्हणतात, भाबी, अठ्ठ्याऐंशी बंद आहे. पत्र निघेल ते सत्त्याऐंशीतून, तुमच्या दिराच्या घरातून. मी म्हटलं, बंद कसं? मी तिथूनच आलेय ना आत्ता, गॅसवर भात ठेवून! तर म्हणतात, जेद्दावाल्यांनी तसं लिहिलंय. तुम्हीच ना वो जेद्दावाले?”

मी तो स्टोअरमध्ये ऐकला आणि फोन खिशात ठेवला. दुपारी दुसरा आला.

“दिरांशी माझं भांडण नाही. निकाहात बापाच्या जागी वली म्हणून तेच उभे राहोत, चाचा आहेत तिचे. पण पोरगी अठ्ठ्याऐंशीतून जाईल. तिच्या बापाने ते घर चौघांच्या खोलीत झोपून बांधलंय. तुम्ही बाजूच्या खाटेवर होता.”

ह्या पत्राचं महत्त्व बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सांगतो. मुलगी दुसऱ्या गावात जाते तेव्हा आमची जमात लिहून देते की सदर मुलगी आमच्या अमुक क्रमांकाच्या घरातली आहे. पुढे सासरी काही बिनसलं तर त्यांची जमात त्या क्रमांकाच्या घराला बोलावणं पाठवते. त्या घराने जायचं, जमातीच्या चटईवर बसायचं, मुलीच्या बाजूने बोलायचं. पत्रावर सत्त्याऐंशी लागलं की बोलावणं कायमचं दिराकडे. आईला चटईवर जागा नाही. घर बंद, म्हणजे आई कोण हे रजिस्टरला माहीतच नाही.

निकाह ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी ठरला होता. नवी घटना मंजूर करायची सभा त्याच्या आदल्या रविवारी. तोपर्यंत कलम सात बदललं नाही तर पत्र दिराच्या घरातूनच निघणार होतं.

त्या संध्याकाळी मी रजिस्टरची प्रत जेवणाच्या टेबलावर पसरली. लाल रेघ मारलेला एकेक क्रमांक वाचायचा आणि बायकोला विचारायचं. गावातल्या घरांची माहिती तिला माझ्यापेक्षा जास्त, फोनवरून का होईना.

“एकतीस?”

“ती शिवण शिवते ती नाही का. आहे ना. सासूही आहे.”

“चोपन्न?”

“ते खरंच पडलंय. पिंपळ उगवलाय आत.”

“एकशे तीन?”

“तिथे तर माझी मावससासू. परवाच बोलले मी. बंद काय, अहो, तिच्याकडे पाहुणे हटत नाहीत!”

मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गृहपाठ करत होती. “पप्पा, कितना टाइम? मुझे प्रोजेक्ट फैलाना है,” म्हणाली. मी अर्धं टेबल मोकळं करून दिलं आणि मोजत राहिलो. ज्या घरांत माणसं राहतात, रोज स्वयंपाक होतो, आणि रजिस्टरात बंद आहेत, अशी एकोणीस निघाली. सगळ्यांत बायका. प्रत्येक ठिकाणी माझ्याच हातची लाल रेघ, किंवा माझ्या कलमावर बोट ठेवून नंतर कुणी मारलेली.

“आणि आपलं?” बायकोने विचारलं.

“आपलं काय?”

“आपलं घर कुठल्या यादीत?”

“चालू.”

“चालू!” ती उठून भांडी गोळा करायला लागली. “मागच्या खेपेला कुलपात किल्ली फिरेना म्हणून तेल सोडलंत. दार उघडलं तर आत मांजरीची चार पिल्लं. चालू म्हणे.”

मग तेही मोजणं भाग होतं. मालक परदेशात, बायकापोरं त्याच्याजवळ, गावातल्या दाराला कुलूप, आणि रजिस्टरात चालू: अशी एकतीस घरं. माझं त्यांत, आणि शाखेच्या बाकी सातांपैकी भाबींच्या दिराचं सोडून सगळ्यांचं त्यांत. त्याची बायको गावात राहते. एकदा मोजून माझं समाधान झालं नाही. पुन्हा मोजलं. एकतीसच.

अकराव्या शुक्रवारी मी नवं कलम वाचून दाखवलं. ‘ज्या घरात राहते कुटुंब आहे ते घर चालू समजावे, कुटुंबप्रमुख पुरुष असो वा स्त्री.’

आमचे अध्यक्ष म्हणजे बलदमध्ये हाजींना इहरामचं कापड आणि तसबीहच्या माळा विकणारे एक वडीलधारे व्यापारी. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी बशी खाली ठेवली.

“राहतं कुटुंब म्हणजे काय रे?”

“म्हणजे जिथे चूल पेटते.”

“माझी चूल जेद्दात पेटते. मग मी बंद?”

“ह्या वाक्याप्रमाणे, हो.”

“आणि तू?”

“मीही.”

“शाबास! म्हणजे बंद माणसं बसून चालू गावाची घटना लिहितायत. आणि चहा बंद माणसाच्या बायकोचा!”

सगळे हसले. मीही हसलो, पण कुणी सही करणार नाही हे त्याच वेळी कळलं. पेट्या बांधून परत जायचं आहे, तेव्हा जमातीत आपलं नाव पाहिजे. हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात होतं. इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपली की इथे आपण कुणीच नसतो. गावातही नसलो तर मग कुठे?

पुढच्या शुक्रवारी मी दोन्ही ठेवणारा मसुदा आणला. कुलूपवाली एकतीस घरं राहतील, बायकांची एकोणीस परत येतील. मला तो आवडला नव्हता. फळीवर रिकामी खोकी तशीच राहणार होती.

“मग काय, झालं तर,” चाचा म्हणाले. “सगळे खूष.”

“नाही झालं,” मी म्हणालो. “दोनशे चौदात एकोणीस मिळवले की दोनशे तेहतीस. एक तृतीयांश म्हणजे अठ्ठ्याहत्तर. गावात बारा महिने असणारे पुरुष सभासद पंच्याहत्तर. एकूण एक आले तरी कोरम होत नाही. बायकांची हजेरी धरली तरच होईल.”

“सभेत बायका?”

“मदरशाच्या पडवीत बसतील. दार उघडं ठेवायचं. मत चिठ्ठीवर.”

कुणीतरी म्हणालं, आत्ता चाललंय ते काय वाईट चाललंय. मी ह्याचीच वाट बघत होतो, आणि बोलताना मला त्याचा कंटाळाही आला होता.

“आत्ताही चाललेलं नाही. मागच्या सहा सभांचं हजेरीपुस्तक मी मागवलं. दोनशे चौदाला बाहत्तर लागतात. सगळ्यांत जास्त आले ते अठ्ठावन्न.”

“म्हणजे?” चाचांनी विचारलं. “कब्रस्तानची भिंत?”

“कोरमशिवाय.”

“विहिरीचा पंप?”

“कोरमशिवाय.”

“इमामसाहेबांची नेमणूक? अरे, तीन वर्षं गाव त्यांच्यामागे नमाज पढतंय!”

“नमाजेला कोरम लागत नाही, चाचा.”

ह्यावर ते खळखळून हसले, आणि थकल्यासारखे तक्क्याला टेकले. “तुझं बरोबर असतं रे,” म्हणाले, “म्हणूनच तुझा वैताग येतो.”

एक माणूस हसला नव्हता. भाबींचा दीर, माझ्या सोबत्याचा धाकटा भाऊ. राबिघच्या रिफायनरीत टेक्निशियन आहे, दर शुक्रवारी दोन तास गाडी चालवून यायचा आणि कोपऱ्यात बसायचा. तो माझ्याकडे बघून बोलला.

“गावात बोलतात, भावाचं घर ह्याने बंद पाडलं. सत्त्याऐंशीने अठ्ठ्याऐंशी गिळलं. मी पाडलं काय भाई? कलम कुणाचं?”

“माझं.”

“मग तसं सांगा ना गावाला. आणि भाबीलाही.” तो उठला. “ड्युटी आहे मला.”

त्याने सही केली नाही. चाचांनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. त्याच्या घरचा मामला आहे, म्हणाले, आधी त्याची सही होऊ दे, मग माझी. बाकीच्यांनीही तेच धरलं. तेराव्या शुक्रवारी तो आलाच नाही आणि आम्ही दोन तास विहिरीच्या वेळापत्रकावर बोललो.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मला सुट्टी. मी राबिघला गेलो. जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, पण मी फार बघितला नाही. तो क्वार्टरच्या खाली चहाच्या दुकानात बसला होता. सकाळपाळी करून आलेला, डोळे लाल. मी मसुदा काढला नाही. त्याने दोन सुलेमानी, बिनदुधाचे चहा, मागवले.

“तुम्हाला माहिती आहे काय,” तो म्हणाला, “भाई गेला तेव्हा कागदांना अकरा दिवस लागले. हॉस्पिटल, पोलीस, कॉन्सुलेट, त्याचा कफील. त्याच्या सहीशिवाय काय हलत नाय, आणि कफील रियाधला. दर ठिकाणी बुकरा, बुकरा, उद्या या. अकरा दिवस मी गाडीत झोपलो. तुम्ही होता दोन दिवस.”

“तीन.”

“तीन. मग गावी गेलो. दोन घरांत एक भिंत. मी भाबीला म्हटलं, मधून दार पाडू, एक घर करू, पोरी माझ्याच आहेत. ती म्हणाली, बघू. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला तिनं कपाट लावलं. बोलली काय नाय. कपाट लावलं फक्त.” तो ग्लास फिरवत राहिला. “म्हणजे मी काय त्या घरावर टपलो होतो?”

कदाचित थोडासा टपलाही असेल, कदाचित मुळीच नसेल. चार वर्षांनी ते मोजता येत नाही. मला जे मोजता येतं तेच मी विचारलं.

“तू गावी वर्षात किती दिवस असतोस?”

“पंचेचाळीस. कधी तेवढे पण नाय.”

“पोरगी पलीकडे दिली. सासरी काही झालं, आणि त्यांच्या जमातीने सत्त्याऐंशीला बोलावलं. उरलेल्या तीनशे वीस दिवसांत सत्त्याऐंशीतून कोण जाणार?”

“माझी बायको…” तो म्हणाला, आणि थांबला. त्याच्याच लक्षात आलं. त्याची बायको गेली तर तिलाही चटईवर जागा नव्हती.

मी माझा चहा संपवला. समोर कामगारांची बस येऊन रिकामी झाली.

“पेन आणलाय?”

मी पेन दिलं. त्याने पानं वाचली नाहीत, फक्त शेवटचं काढलं.

“मी सही केली ते भाबीला सांगू नका.”

मी सांगितलं नाही. मसुद्यावर सही आहेच, आणि भाबींना वाचता येतं.

चौदाव्या शुक्रवारी चाचांनी सही केली, बाकीच्यांनी केली, आणि बायकोने ह्या घटनेपायी माझे तीन कप फुटले असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

ईदला मला गावी जाता आलं नाही. स्टोअरची वार्षिक मोजणी त्याच आठवड्यात लागली आणि रजा नामंजूर झाली. दीर गेला होता, पुतणीच्या लग्नासाठी. सभेच्या रविवारी माझा नेहमीचा कामाचा दिवस. दुपारी दोनला, म्हणजे गावच्या साडेचारला, सेक्रेटरींचा फोन आला. मी सलाइनच्या खोक्यांमध्ये उभा राहून घेतला.

“भाई, चौसष्ट आलेत.”

“बाहत्तर पाहिजेत.”

“बायका पण आल्यात ना. पडवीत बसल्यात, बारा जणी. शहात्तर होतात. सुरू करतो.”

“त्यांना धरायचं कलम अजून मंजूर व्हायचंय. आजची सभा जुन्या घटनेखाली आहे. त्यांना धरता येत नाही.”

“मग बाहत्तर लिहितो.”

“आलेत किती?”

“अहो भाई!” सेक्रेटरींचा आवाज चढला. “आजवर कोण मोजत होतं? तुम्हीच मोजायला लागलात! ह्या पोरीच्या पत्रासाठीच चाललंय ना सगळं? तुम्हालाच हवंय ना?”

हवं होतं. एक शब्द बोललो असतो तर अर्ध्या तासात पत्र निघालं असतं. पण मी स्वतः सात माणसांसमोर मागच्या सहा सभा कोरमशिवाय म्हणून दाखवल्या होत्या, आणि ती गोष्ट आता गावभर होती. उद्या सासरच्यांपैकी एखाद्याने, पत्र नकोसं झालं त्या दिवशी, हजेरीपुस्तक मागवलं असतं. भाबींची पोरगी चटईवर बसलेली असताना कुणीतरी तिला सांगितलं असतं की तुझं घर बंदच आहे. कोरम नसला तर अर्ध्या तासाने त्याच जागी सभा भरवायची सवलत पूर्वी घटनेत होती. तिचा गैरवापर होतो म्हणून तीही मीच काढून टाकली होती, अकरा वर्षांपूर्वी.

“चौसष्टच लिहा,” मी म्हणालो. “सभा उठवू नका. आणखी आठ आणा.”

मागून कुणीतरी ओरडलं, “त्या जेद्दावाल्याला सांग, विमानाने ये आणि शोध तुझे आठ!” मग पडवीकडून बायकांचा गलका ऐकू आला, मग खरखर, आणि मग दिराचा आवाज.

“भाई, फोन ठेवा. मी बघतो.”

तो मोटरसायकल घेऊन निघाला, हे मला सेक्रेटरींच्या मेसेजवरून कळलं. पुढचे दोन तास त्या मेसेजवरच गेले. जेटीवरून दोन मिळाले, सहासष्ट. क्रिकेटच्या मैदानावर दोघे होते, पण एकाची बॅटिंग चालू होती, तो आउट होईपर्यंत थांबावं लागलं. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी केलेला एक उचलला. एकोणसत्तर. तोपर्यंत आधी आलेल्यांपैकी दोघे कंटाळून घरी गेले. सदुसष्ट. मी ज्वरनाशकाची खोकी तीनदा मोजली आणि तीनदा वेगळा आकडा आला. माझ्या बाबतीत असं कधी झालेलं नाही. सत्तर. एक म्हातारे आजारी, त्यांना खुर्चीसकट आणलं. एकाहत्तर. मग बराच वेळ काही नाही. मग त्र्याहत्तर, घरी गेलेले दोघे बायकांनी हाकलून परत पाठवले होते.

बाजूने चव्वेचाळीस, विरुद्ध एकोणतीस. कलम मंजूर झालं. एकोणतीसांत माझे सख्खे मामा होते, हे नंतर कळलं.

गुरुवारी पत्राचा फोटो आला. मी शिक्का तपासला, सही तपासली, तारीख तपासली. घर क्रमांक अठ्ठ्याऐंशी, अंकात आणि अक्षरात. रविवारी निकाह झाला, दीर वली म्हणून उभा राहिला. कपाट भिंतीला तसंच आहे, असं बायको म्हणते.

एकोणीसपैकी पाच जणींनी नाव नोंदवायला नकार दिला. एक म्हणाली, इतकी वर्षं चाललं ना. दुसरीचा मुलगा पुढच्या वर्षी अठरा पूर्ण करतो, ती म्हणाली, त्याचंच घाला. मी त्यांना फोन केले, समजावलं, आणि तिसऱ्या फोननंतर सोडून दिलं. लोकांना चालू करायची सक्ती घटनेत घालता येत नाही. माझं घर रजिस्टरात अजून चालू आहे. त्यावर मी टिपण लिहून ठेवलंय, पुढच्या फेरतपासणीसाठी. ती जो कोणी करेल त्याने बघावं. मी करणार नाही, असं मी शाखेला लेखी कळवलंय.

निकाहानंतर आठवड्याने भाबींचा फोन आला. आधी पोरगी सुखात आहे वगैरे झालं. आभारबिभार त्यांनी मानले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

“भाई, आता सभेला मला जावं लागेल काय?”

“तुमच्या नावाने पत्रिका येईल. गेलं पाहिजे. कोरम आता तुमच्यावर आहे.”

“किती वेळ चालते?”

“तीन तास. कधी चार.”

“चार तास!” त्या म्हणाल्या. “या अल्ला. एवढा वेळ करता काय तुम्ही लोक?”

“बहुतेक वेळ माणसं यायची वाट बघतो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग मी कामं उरकूनच जाईन.”